साहेबांच्या मालमत्तेची यादी

दिवाळखोरी जाहीर करायलाही अक्कल लागते आणि ती आमच्या साहेबांकडे नाही. साहेब म्हणजे माझा नवरा. फर्निचरचं शोरूम होतं तेव्हा हाताखालची दोन माणसं त्यांना साहेब म्हणायची. शोरूम बुडालं, माणसं गेली, साहेब तेवढे उरले.

वकीलबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. नादारीचा अर्ज शुक्रवारी बाराच्या आत कोर्टात पडला, तर वसुलीवाल्यांना थांबावं लागणार होतं. नाहीतर सोमवारी ते घरात शिरून दिसेल ते उचलणार. त्यांनी सोफा नेला असता तर मी स्वतः दार उघडून धरलं असतं. पण मागच्या खोलीत माझी भट्टी आहे, कृत्रिम दात भाजायची. दवाखान्यांतून मापं येतात, मी दात बनवते, आणि त्यावर घरभाडं, मुलीची फी आणि साहेबांच्या सिगरेटी चालतात. भट्टी गेली की घराची चूल विझली.

अर्जाबरोबर घरातल्या वस्तूंची यादी हवी होती, आज विकली तर काय येईल त्या किमतीसकट.

"यादी मी करतो," साहेब म्हणाले. "तुला व्यवहारातलं काय कळतं?"

दोन दिवस दार लावून बसले. मी आपली चहा देत राहिले.

शुक्रवारी सकाळी वकीलबाईंनी यादी वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हा सोफा खरंच एवढ्याचा आहे?"

"इम्पोर्टेड लेदर," साहेब म्हणाले.

त्या लेदरचे पोपडे दोन वर्षं आमच्या पाठीला चिकटून घरभर फिरतायत. घड्याळापुढे 'अस्सल' लिहिलं होतं. ते मीच फुटपाथवर घासाघीस करून घेतलं होतं.

"या यादीप्रमाणे तुम्ही सगळं कर्ज फेडून वर गाडी घेऊ शकता," बाई म्हणाल्या. "न्यायाधीश विचारतील, यात नादार कोण?"

"मग काय भिकारडी यादी देऊ? कोर्टात दहा जण वाचणार."

मला हसूसुद्धा आलं नाही, किळस आली. बडा घर पोकळ वासा म्हणतात. आमच्याकडे तर घरही बडं नव्हतं.

बाईंनी लाल पेन घेतलं. मी खऱ्या किमती सांगत गेले, त्या खोडत गेल्या. साहेब छताकडे बघत होते. शेवटच्या पानावर बाईंचं पेन थांबलं.

"दातांची भट्टी. मालक, स्वतः," त्यांनी वाचलं. "ही तुमच्या बायकोची ना?"

मी वाकून ते पान स्वतः वाचलं.

"घर एक, तर मालकही एकच," साहेब म्हणाले.

"अहो, तुमची म्हणून लिहिलीत तर आधी तीच विकतील. सगळ्या यादीत खरी किंमत तिलाच आहे."

साहेबांना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर भट्टीपुढे स्वतःचं नाव घातलं होतं.

पावती माझ्या नावाची होती, ती मी पुढे केली. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. बाईंनी साहेबांच्या नावाचं शपथपत्र टाइप केलं. भट्टी बायकोने स्वतःच्या कमाईतून घेतली आहे, आणि पाच वर्षं घराचा सगळा खर्च तीच करते.

"भट्टीचं ठीक आहे," साहेब म्हणाले. "खर्चाचं कशाला?"

"कारण कोर्ट विचारणार, पाच वर्षं कमाई नाही, तर जेवता कशावर?"

"मग 'हातभार लावते' असं लिहा."

"नाही," मी म्हणाले.

"खोटं लिहिलंत तर तुरुंग आहे," बाई म्हणाल्या. "आणि साडेअकरा वाजलेत."

साहेब पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. वसुलीवाले परवडले, पण हे कबूल करणं नको, असा तो चेहरा होता. त्या क्षणी मला त्यांचा जितका तिटकारा आला तितका शोरूम बुडालं तेव्हाही आला नव्हता. शेवटी त्यांनी सही केली, नेहमीची, लांबलचक शेपटीची.

"झालं समाधान?" मला म्हणाले.

झालं नव्हतं. सासूबाईंसमोर, शेजाऱ्यांसमोर जे यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही, ते तुरुंगाच्या भीतीने निघालं होतं. आमच्या मुलीला अजून वाटतं, बाबा कमावतात आणि आई मागच्या खोलीत दातांशी खेळते.

"एक प्रत जास्तीची काढा," मी वकीलबाईंना म्हणाले. "मुलगी आता वाचण्याएवढी मोठी झाली आहे."