प्रभाकरभाऊंचा गुडघा

दापोऱ्यात प्रभाकरभाऊंइतकाच त्यांच्या गुडघ्याला मान. तो सुजला तेव्हा केळीच्या बागांतली माणसं येता-जाता विचारपूस करत आणि रीत म्हणून प्रत्येक जण एकदा दाबून पाही. भाऊ कण्हत, पण पाय मागे घेत नसत. मोठ्या माणसाचं दुखणंही दर्शनाला ठेवायचं असतं.

ताप चढला तेव्हा सिंधूवहिनींनी त्यांना माझ्या गाडीत कोंबलं. बुऱ्हाणपूर येईपर्यंत भाऊंची एकच कुरकुर, "बाई माणूस काय पाणी काढणार गुडघ्यातलं?"

दवाखान्यात डॉक्टर मृणालने गुडघा औषधाने पुसला. भाऊंनी लगेच त्यावर बोट टेकवलं, "इथं दुखते, पाहा." तिने पुन्हा पुसला. भाऊंनी पुन्हा टेकवलं.

"काका, हात डोक्याखाली. आधी सांगा, याच्यात कुणी सुई घातली होती?"

"बिलकुल नाही! डॉक्टरशिवाय सुई टोचू नका, हे अख्ख्या गावाला मीच सांगतो."

खरं होतं. ग्रामसभेत हे भाषण भाऊच ठोकत.

जागा बधिर करून मृणालने वाटीच्या कडेने सुई आत सरकवली. सिरिंजमध्ये चढलं ते पाणी नव्हतं, गढूळ ताक होतं.

"पू झालाय. आजच सांधा धुवावा लागेल, नाहीतर पाय कायमचा आखडेल. जंतू कुठून गेले ते कळलं तर औषध नेमकं देता येईल. खरं सांगा."

"हा पंखा बंद का?" भाऊंनी विचारलं.

"ढोरांचा वैदू आहे ना, दगा नावाचा, तो आला होता," वहिनी म्हणाल्या. "गोठ्यामागं. म्हशींना टोचतो त्याच सुईनं पाणी काढलं. दवाखान्यात मजुरांच्या रांगेत बसावं लागतं ना यांना!"

"साफ होती सुई!" भाऊ कडाडले. "माझ्यासमोर धुतली त्यानं. हौदात."

मृणालने डोळे मिटून घेतले.

"पाय पाहिजे का इज्जत?" वहिनींनी विचारलं.

भाऊंनी विचार केला. खरोखर केला, तेही बराच वेळ.

"पाय," ते शेवटी पुटपुटले. "लिहा मॅडम. पण म्हशीचं नाव काढू नका."

स्ट्रेचर निघालं. बाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्याने चौकशी केली आणि रीतीप्रमाणे गुडघ्याकडे हात नेला.

"हात लावू नको बे!" भाऊ किंचाळले.