माझ्या नावाचं हरके

आमच्या म्हैसूरच्या मराठीत नवसाला हरके म्हणतात. ते माणसाने स्वतःच्या जिवावर बोलावं. माझ्या आईने, जानकीबाईंनी, ते माझ्या जिवावर बोललं. माझ्या गुडघ्याजवळच्या हाडात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर हरिणींनी तेवढं हाड सांध्यासकट काढून तिथे धातूचं बसवलं आणि पाय वाचला. आई मात्र चामुंडीला सांगून मोकळी झाली होती, की माझी तुंगा अनवाणी तुझ्या डोंगराच्या पायऱ्या चढेल, प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावत.

डॉक्टरांनी बजावलं होतं, पायाला साधं खरचटलं तरी लगेच दाखवायचं. जंतू धातूपर्यंत पोचले तर पाय ठेवता येणार नाही.

मी वर्षभर नाही म्हटलं. मग आईने भात सोडला. म्हैसूरच्या बाईने भात सोडायचा म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. कोरडी चपाती घेऊन ती माझ्यासमोर बसायची आणि दिवसेंदिवस वाळत चालली.

"माझ्या नावाचं असतं तर मीच चढले असते की गं. तुझं हरके आहे. सुम्मने, अशीच सोडेल का देवी?"

शेवटी वैतागून गेले. गुडघा पुरता वाकत नव्हता, म्हणून पायरीवर आडवं बसून कुंकू लावत होते. अर्ध्या वाटेवर तळव्यात काच शिरली. आईने ती उपसली आणि हातातली हळद जखमेवर दाबली.

"बेडा गं, डॉक्टरांना नको सांगू. ओरडतील."

त्या दुपारी ती पोटभर भात जेवली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आठवड्यात ताप आला, मग पाय सुजला, पू झाला. दोनदा आतून धुऊन काढला, तरी हटेना. पाय कापायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "तळव्याला जखम कशाने झाली?"

आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"ऑफिसात. चप्पल तुटली होती," मी म्हटलं.

आईला वाचवलं त्यात माया वगैरे काही नव्हती. त्यांनी चारचौघांत झापलं असतं आणि ती रडून मोकळी झाली असती. तिला झापायचा हक्क माझा होता.

आता रोज सकाळी आई उरलेल्या मांडीला पट्टी गुंडाळते. गुंडाळून झाली तरी हात काढत नाही.

"काय ते एकदा बोलून टाक की गं," म्हणते.

मी म्हणते, "घट्ट बांध."