अडकित्त्याचे माहेर

"अडकित्ता हा शब्द कशावरून आला?"

विमलबाईंनी शेवटचा प्रश्न विचारला आणि चष्म्यावरून मंचावरच्या दोन मुलांकडे पाहिले. सुलतान बाजारातल्या आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात एकदम शांतता झाली. ओंकार आणि केतकी यांचे गुण सारखेच झाले होते. आता या एका प्रश्नावर ढाल कोणाची ते ठरायचे होते.

मी मागे चहाच्या पातेल्यापाशी उभी होते. मंडळाची झाडलोट, चहापाणी, कुलूपकिल्ली माझ्याकडे. पण स्पर्धेच्या दिवशी मी चहा गाळताना हात थांबवून ऐकते. ऑक्टोपसला तीन हृदये असतात, हे मला तिथेच कळले. रिक्षा हा शब्द जपानातून आला, हेही तिथेच.

केतकीने आधी हात वर केला. दिलसुखनगरला कोचिंगला जाणारी, मलकपेठेत राहणारी मुलगी. मराठी बोलताना तिची गाडी मध्येच तेलुगूत जायची, मध्येच उर्दूत.

"मॅम, तेलुगूतून. तेलुगूत त्याला अडकत्तेर म्हणतात. आमच्या खालच्या घरातल्या आजी, अम्मम्मा, नेहमी म्हणतात ना, अडकत्तेरलो पोकचेक्क. म्हणजे, अडकित्त्यातली सुपारी. माझी आत्ता तशीच हालत झाली, मॅम."

लोक हसले. विमलबाईही हसल्या, पण मान हलवून म्हणाल्या, "नाही बाळ. ओंकार?"

"अडकणे यावरून. ज्यात सुपारी अडकते तो अडकित्ता."

"बरोबर!"

टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतून मंडळाचे सचिव एकनाथराव सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मराठी शब्द तेलुगूत शोधायला लागली पोरं! आधी मराठी वाचायला शिका म्हणावं." पुन्हा हशा झाला. केतकी हसली नाही. आधीच्या फेरीत प्रश्नाची चिठ्ठी मोठ्याने वाचताना ती अडखळली होती, ते सगळ्यांनी पाहिले होते. ढाल ओंकारला मिळाली. केतकी आपली पर्स घेऊन, चहा न घेता निघून गेली.

मला तिच्या जाण्याचे वाईट वाटले. अक्षर न येणे म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. मी पन्नाशी ओलांडली तेव्हा विमलबाईंनी मला याच सभागृहात, दुपारच्या रिकाम्या वेळी, पाटीवर अक्षरे शिकवली. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शिकवल्याशिवाय त्यांना करमत नव्हते. नुसते 'प'ला 'प' म्हणायला लावले असते तर मी चार दिवसांत पळाले असते. त्या शब्द लिहायच्या आणि विचारायच्या, "जयवंताबाई, याचं माहेर कुठलं सांगा." पगार पोर्तुगिजांकडून आलेला. दुकान अरबस्तानातून. तूप कानडी मुलखातले. मी आमच्या नांदेडकडच्या गावाहून लग्न होऊन या शहरात आले, तसेच हे शब्दही कुठून कुठून येऊन आमच्या तोंडात नांदायला लागले, हे ऐकून मला फार बरे वाटले होते. मग ती अक्षरे परकी वाटली नाहीत.

स्पर्धा सुरू केली ती त्यांच्या यजमानांनी, नरहररावांनी. सरकारी कचेरीत नोकरी, आणि उरलेला सगळा वेळ शब्दांच्या मागे. ते गेल्यावर विमलबाईंनी स्पर्धा चालू ठेवली. प्रत्येक प्रश्न दोन ग्रंथांत पडताळल्याशिवाय त्या विचारत नसत. फक्त शेवटचा प्रश्न नरहररावांचा असे. त्यांनी कधीतरी सांगितलेला, जेवताना, नाहीतर फिरायला गेल्यावर. "शेवटचा प्रश्न ह्यांचा," असे त्या म्हणाल्या की जुनी मंडळी सावरून बसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सभागृह उघडले, तर बाई दारात उभ्या.

"एवढ्या लवकर काय हो बाई? चावी माझ्याकडंच होती की. फोन करायचा."

"कोशाचं कपाट उघडा. त्या पोरीचं अडकत्तेर रात्रभर डोक्यात घोळतंय."

मी उघडले. त्यांनी जाडजूड शब्दकोश काढला, पदराने पुसला आणि उभ्या उभ्याच पाने उलटली. एका जागी बोट थांबले. बोट तसेच राहिले. मग त्या खुर्चीवर बसल्या.

"वाचा," त्या म्हणाल्या.

मी डोळे बारीक करून वाचले. अडकित्ता. पुढे कंसात कानडी असल्याची खूण. अडके म्हणजे सुपारी.

"म्हंजे अडकण्याचा काही संबंध नाही?"

"काही नाही. कानडीत अडके म्हणजे सुपारी. कत्तरी म्हणजे कात्री. इथं भाजीवाली, दूधवाला, सगळं शहर अडकत्तेर म्हणतंय. मी चाळीस वर्षं ऐकतेय आणि मला एकदाही शंका आली नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं, अडकण्यावरून म्हणून?"

विचारले आणि मी जीभ चावली. शेवटचा प्रश्न नरहररावांचा, हे मला आधीच आठवायला हवे होते.

थोड्या वेळाने एकनाथराव आले. ते नरहररावांचे जुने मित्र. बाईंनी कोश त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी वाचले, पुन्हा वाचले, आणि कोश मिटला.

"वहिनी, सोडा. ढाल देऊन झाली. फोटो ग्रुपवर गेले."

"निकाल चुकला आहे, भावजी."

"ती तरी कुठं बरोबर होती? ती तेलुगू म्हणाली. इथं कानडी लिहिलंय. दोघं चूक, हिशेब बरोबर."

"ती शेजारच्या दारापर्यंत पोचली होती. आपण घरातच बसून होतो."

"आणि लोकांना काय सांगणार? स्पर्धेला नाव नरहरचं. अहो, त्याचा शब्द म्हणजे इथं शेवटचा शब्द. तो गेल्यावर तुम्ही उभ्या राहून म्हणणार, की तो चुकला?"

बाईंनी कोश पुन्हा जवळ ओढला. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवेना. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले. आतूनच ऐकले.

"तेच तर कोश बघितल्यापासून डोक्यात आहे," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं नाही, तर कुणालाच कळणार नाही. पण मग पुढच्या वर्षी शेवटचा प्रश्न कसा विचारू?"

"मग निदान नाव घेऊ नका. कमिटीची चूक म्हणा. माझी म्हणा, मला चालेल."

एकनाथरावांना मी तोवर फटकळ माणूस समजत होते. त्या वाक्याने माझे मत थोडे बदलले.

बाई मात्र उठल्या. "जयवंताबाई, चप्पल घाला. मलकपेठला जायचंय."

केतकीचे घर दुसऱ्या मजल्यावर होते. दार तिच्या आईने, शिल्पाने उघडले. बाईंना पाहून ती गडबडली. "अय्यो, या ना, या. केतकी, बघ कोण आलंय!"

केतकी आतून आली ती कानातले इअरफोन काढत. बाईंना पाहून कडेलाच उभी राहिली.

"बाळ, तुझं उत्तर मी चुकीचं म्हटलं. चुकीचं माझं होतं." बाईंनी सगळे सांगितले. कानडी शब्द, कोश, तेलुगूतला अडकत्तेर त्याच घरातला कसा, सगळे. शिकवण्याचा सूर आपोआप आला आणि केतकी ऐकता ऐकता जवळ येऊन बसली.

"मग माझं थोडंसं बरोबर?"

"बरंचसं बरोबर. येत्या रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू यायचं."

केतकीने आईकडे पाहिले. मग म्हणाली, "आजी, मी नाही येत. ढालीचं काही नाही हो. ते अंकल म्हणाले ना, आधी मराठी वाचायला शिका. सगळे हसले. मला खरंच वाचता येत नाही नीट. मग कैकू यायचं?"

शिल्पाने मान खाली घातली. "चूक आमचीच. इंग्लिश मीडियम, सेकंड लँग्वेज तेलुगू. घरात बोलतो तेवढंच."

बाईंनी माझ्याकडे बोट केले. "ह्यांना विचार, वाचायला कधी शिकल्या."

"नातू झाल्यावर," मी म्हणाले. "तो बाराखडी शिकत होता, त्याच्या दोन महिने आधी मी संपवली. शर्यत होती आमची."

केतकी फसकन हसली. "सीरियसली?"

"हौ, सीरियसली. आणि मला कोणी हसलं की ह्या बाई त्याला असं बघायच्या, की तो चहा न पिता जायचा."

येते असे ती म्हणाली नाही. पण आम्ही जिना उतरताना वरून तिचा आवाज आला, "आजी, किती वाजता?"

रविवारी सभागृह भरले होते. एकनाथरावांनी ग्रुपवर काय टाकले होते कोण जाणे. केतकी शेवटच्या रांगेत, आईबरोबर. बाई मंचावर गेल्या, माइक नको म्हणाल्या.

"मागच्या आठवड्यातला शेवटचा प्रश्न चुकला होता," त्यांनी सुरुवात केली. कोशात काय आहे ते सांगितले. केतकीला उभे केले, तिचे नाव घेतले, ढाल दोघांनी सहा सहा महिने ठेवायची असे जाहीर केले. ओंकार पुढे येऊन म्हणाला, "पहिले सहा महिने तुझे." बाई इथे थांबल्या असत्या तरी चालले असते. लोकांनी टाळ्या सुरूही केल्या होत्या. एकनाथराव हातानेच 'पुरे' म्हणत होते.

बाईंनी टाळ्या थांबू दिल्या.

"हा प्रश्न नरहररावांचा होता. ते चुकले होते. सगळे प्रश्न मी पडताळते, त्यांचे मात्र कधीच पडताळले नाहीत. ते माणूस मला आवडायचं म्हणून. ह्यात त्यांचा दोष नाही. ते असते तर जेवण होईपर्यंत वाद घातला असता, आणि हात धुताना म्हणाले असते, बरोबर आहे तुझं."

कोणी टाळी वाजवली नाही. एकनाथराव उभे राहिले, आणि मग एकेक करून सगळे उभे राहिले. बाईंना ते कळले नसावे. त्या पायरी शोधत खाली पाहत होत्या.

चहापाणी उरकायचे होते, सतरंज्या गोळा करायच्या होत्या. ते आटोपून मी आणि बाई कोठीच्या स्टॉपवरून बसमध्ये बसलो. आता बायकांना तिकीट लागत नाही, तरी कंडक्टरने आम्हाला शून्याचे तिकीट फाडून दिले. बाई ते हातात धरून बघत होत्या.

"अहो," त्या एकदम उजवीकडे वळून म्हणाल्या, "हे झिरो आहे ना..."

उजवीकडे खिडकीशी नरहरराव नव्हते, मी होते. त्या थांबल्या. बस पुलावर चढली, उतरली. 

"झिरो आपलंच शून्य आहे," त्या मग हळू आवाजात मला म्हणाल्या. "अरबांनी शून्याचा अर्थ घेऊन सिफ्र केलं, तिकडून ते पश्चिमेला गेलं आणि झिरो होऊन फिरून आलं. ह्यांनीच सांगितलं होतं."

त्यांनी तिकिटाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन ओढली.

"उद्या कोशाचं कपाट उघडून ठेवा," त्या म्हणाल्या. "बघायला हवं."