विमलाच्या बाभळीचा ओटा

मारोती माहा लहाना भाऊ. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, जवळच्या सिलतऱ्यात लोखंडाचे कारखाने धडाधड उभे झाले, तवा नागपूरहून नोकरीले आला अन् कारखान्यामागं मुरमाड जागेत घर बांधून बसला. तिथं एकच झाड होतं, बाभूळ. त्याची बायको विमला शेंगा पाडून बकऱ्यांले चारे अन् दुपारभर तिथंच बसे.

"काट्याची सावली, सावली असते काय वो?" मी चिडवो.

"ही काही मागत तं नाही ना, ताई," म्हणे अन् हासे.

दम्यानं गेली बिचारी. पण सांगून गेली, माही राख नदीत टाकू नका, बाभळीच्या बुडाशी घाला. आमच्या बौद्ध समाजात करतेत तसं. केलं.

मंग मारोतीनं डोकं चालवलं. विहारातल्या पिंपळाले जसा ओटा, तसाच विमलाच्या बाभळीले. कमरेइतकी मातीची भर, बुंध्याले चिकटून सिमेंट, वरतून निळ्या फरशा. रोज वंदना झाली की बादलीभर पाणी. आता पिंपळ सारं सोसते बापा, पण बाभूळ म्हणजे कोरड्या मुरमातलं झाड!

झाड वाळू लागलं. मारोती कारखान्याले शिव्या देये. "धुळीनं विमलाले खाल्लं, आता तिचं झाडबी खाऊन राहिली." पाइप लावून पाला धुवे, अन् पाणी आणखीन वाढवे.

मी भेटाले निघाली. सिलतऱ्याच्या सडकेनं ऑटोतून पाहतो तं काय, दोन्हीकडं बाभळी, पाल्यावर कारखान्याची काळी धूळ, तरी साऱ्या पिवळ्याधम्मक फुललेल्या. धूळ तं साऱ्याइलेच, मंग विमलाचीच काहून वाळली? ओट्यानं अन् रोजच्या पाण्यानं!

मारोतीची पोट्टी चेतना, तिकडंच हिंदीत वाढलेली, तिले सैपाकघरात सांगितलं. ती रडाले लागली. "बुआ, पापा को मत बोलना. टूट जाएँगे."

मलेबी रडू आलं, अन् रागही आला. झाड मरून राहिलं अन् मी तोंड शिवून बसू? बाहेर गेली अन् बोलून टाकलं, "मारोती, ओटा फोड. तिच्या मुळ्या गुदमरून राहिल्या."

त्यानं सब्बल आणली. फरशा फुटल्या, सिमेंट निघालं, भर उपसली. आतली माती ओली गच्च, कुबट वासाची. त्यानं बुंध्याले हात लावला तं साल उकडलेल्या बटाट्यासारखी हातात आली. खालचं लाकूड चौफेर सडलेलं.

"ताई, म्हणजे मीच?"

कोणाच्या बापाले न भेणारी मी, तवा भेली. "नाही रे राजा. धूळच ते."

"काहून खोटं बोलून राहिली? सडकेवरच्या बाभळी मीबी रोज पाहतो."

चेतनानं उपसलेल्या मातीचं घमेलं उचललं, फेकाले निघाली. मारोतीनं तिचा हात धरला.

"पापा, सड़ी मिट्टी है."

"ठेव खाली. तुही माय आहे त्याच्यात."

तो चिखलात बसला. मूठ मूठ माती घेऊन बोटांनी चाळाले लागला. बुडाची माती, वरची भर, सिमेंटचा चुरा, सारं एक झालं होतं.

"ताई, भर कोणती अन् विमला कोणती, मले ओळखू नाही येऊन राहिलं वो," म्हणे, अन् लेकरावानी रडला.