रिकाम्या काचेवरचा कांदा

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम. माझी पितळी नळी काळवंडली आहे आणि वरखाली करायची चकती फिरवताना अडते. भिंगे मात्र अजून ठणठणीत आहेत. बारीक गोष्टी मोठ्या करून दाखवणे हा माझा धंदा. पण काय गंमत आहे पाहा, नावामागे पदव्यांची शेपटी लावलेली मोठी माणसे माझ्यावर वाकली, की मलाच ती फार बारीक दिसू लागतात.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे माझी भिंगे पुन्हा पुन्हा उजेडाकडे धरून तपासली गेली. जरा ओरखडा दिसला की परत घासायला. समोर असेल तेच दाखवायचे, एवढाच संस्कार घेऊन मी खोक्यातून इथे आलो.

पहिली वर्षे सुखाची गेली. तेव्हाच्या मॅडम कडक होत्या. ‘आधी बघा, मग बोला,’ असे त्या प्रत्येकाला बजावत. कुणी पुस्तकातली आकृती उतरवून आणली, की त्याला पुन्हा माझ्यापुढे उभे करत. मुले कुरकुरत, पण पेशी पहिल्यांदा दिसली की त्यांच्या तोंडून नकळत ‘अरे!’ निघे. त्या ‘अरे’साठीच मी जगत होतो. पुढे मॅडम निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्यांच्या शिस्तीचे तोंडभर कौतुक झाले आणि दुसऱ्याच दिवशी ती शिस्त बासनात गुंडाळली गेली.

परीक्षेत माझ्याखाली एक काचपट्टी ठेवतात. तिच्यावर काय आहे ते ओळखायचे आणि आकृती काढायची. पण आमच्या काचपट्ट्या वर्षानुवर्षे त्याच. मग हुशार मुलांनी शोध लावला, की आत डोकावायची गरजच नाही. लाल चिकटपट्टी लावलेली ती शेवाळ, मधोमध चीर गेलेली ती बुरशी आणि कोपरा तुटलेली ती कांद्याची साल. हे ज्ञान दादाकडून धाकट्याकडे, ताईकडून मैत्रिणीकडे जाई. मुले येत, तुटका कोपरा पाहत, माझ्यावर नावापुरती वाकत आणि घरून घोकलेली आकृती काढून मोकळी होत. सरांना तरी दुसरे काय हवे होते? आकृती पुस्तकातल्यासारखी असली आणि समास सोडलेला असला, की विद्या पूर्ण झाली.

एकदा तपासणी समिती यायची होती. ‘सगळं लख्ख दिसलं पाहिजे,’ असा विभागप्रमुखांचा हुकूम सुटला. डॉक्टरेट मिळवलेल्या एका सरांना तुटक्या कोपऱ्याच्या काचेवर काहीतरी चिकटलेले दिसले. त्यांनी स्वतःच्या विद्वान हातांनी ते साबणाने खरवडून काढले. अहो, ते चिकटलेले म्हणजेच कांदा होता! वरची झाकणकाच त्यांनी डिंकाने पुन्हा बसवली, तेव्हा डिंकात हवेचा एक बुडबुडा अडकला. तेव्हापासून त्या काचेवर त्या बुडबुड्याशिवाय काहीही नाही.

आणि त्या रिकाम्या काचेवरून पोरांनी कांद्याच्या पेशी काय सुरेख काढल्या! विटांच्या भिंतीसारख्या एकीला एक लागून, प्रत्येकीत गोल केंद्रक. गुण मिळाले, पदव्या मिळाल्या, कुणी सुवर्णपदक गळ्यात अडकवून फोटो काढले. त्यातला एक तर इथेच सर होऊन परतला आणि पुढच्यांना तीच आकृती शिकवू लागला. मला त्या सगळ्यांची किळस येई. पण बघणाराच डोळा मिटून असेल, तर दाखवणाऱ्याने करावे तरी काय?

मग ती मुलगी आली. वर्ग तिला ‘शंकासूर’ म्हणून चिडवी. तिला आत्याने वाढवले होते. शिवणकाम करून करून आत्याचे डोळे अधू झाले होते. पोरगी पदवीधर झाली की दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी ठरलेली होती. मग आत्याला सुई एकदाची खाली ठेवता येणार होती.

परीक्षेत तिच्या वाट्याला तुटका कोपरा आला. तिने डोळा लावला, चकती फिरवली, माझा आरसा उजेडाकडे वळवला आणि पुन्हा पाहिले. मग काळ्या कडेचे एक वर्तुळ काढून खाली लिहिले, ‘काचेवर नमुना नाही. हवेचा बुडबुडा आहे.’ मित्रांनो, मला रडता येत असते तर मी रडलो असतो.

बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांनी वही उचलली.

“हे काय काढलंय?”

“दिसलं ते काढलं, सर.”

“अख्ख्या वर्गाला कांदा दिसला, आणि तुला एकटीला बुडबुडा?”

“तुम्हीच बघा ना, सर.”

ते वाकले. बुडबुडा त्यांना दिसला. मला पक्के ठाऊक आहे, कारण त्यांची पापणी दचकली. मग त्यांनी बाकीच्या वह्यांचा गठ्ठा पाहिला, शेजारी उभ्या विभागप्रमुखांचा चेहरा पाहिला.

“कांदाच आहे,” ते म्हणाले. “पेशी किती स्पष्ट आहेत!”

विभागप्रमुखांनी न बघताच मान डोलावली. मुलगी नापास झाली.

आत्या भेटायला आली, तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, “हुशार आहे हो पोरगी. नसता शहाणपणा नडतो.” ते गेल्यावर मुलगी माझ्या टेबलाशी मान खाली घालून उभी राहिली.

“आत्या, खरंच तिथे काही नाहीये.”

“नसेल गं बाई. आपल्या घरात तरी कुठे काय आहे? नोकरीला कागद लागतो, डोळे नाही लागत.”

पुढच्या वर्षी ती पुन्हा परीक्षेला बसली. पुन्हा तोच तुटका कोपरा. ऊन छान होते, माझा आरसा भरून उजेड होता. मी बुडबुडा अगदी स्वच्छ दाखवत होतो. ती वाकली, तिने डोळा माझ्यापाशी आणला आणि मिटून घेतला. मग सरळ उभी राहून तिने कांद्याची साल काढली. वर्गात इतकी सुबक कुणाचीच नव्हती.

“याला म्हणतात निरीक्षण!” परीक्षकांनी ती वही सगळ्यांना दाखवली. पहिल्या वर्गात पास झाली ती.

आता ती दवाखान्यात रोग्यांच्या रक्ताच्या काचा तपासते. तिची पदवी तिथे चौकटीत लावलेली आहे म्हणे. माझ्यावर ती डोळा मिटायला शिकली. तिथे गेल्यावर तो तिने पुन्हा उघडला की नाही, हे मला कळायला मार्ग नाही.

मित्रांनो, माझी भिंगे मऊ कापडाने पुसत जा, धुळीत टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण माझ्यावर वाकाल तेव्हा डोळा उघडा ठेवा, आणि चौकटीतला कागद बघून मान डोलावण्याआधी दोनदा विचार करा. उद्या त्या काचेवर तुमचेच रक्त असेल.