कपारीतलं रॉकेल इंजिन

सांगा बिभीषणराव, विश्वास कुणावर ठेवावा? वहीत लिहिलेल्या ओळीवर, की ती लिहिणाऱ्या माणसावर? तुम्ही, पंप मंडळीचे नवे सेक्रेटरी, विहिरीच्या काठावरून वाकून बघताय, काखेत मंडळीची जुनी वही आहे, आणि मागं बैलगाडीत नवं कोरं डिझेल इंजिन खाली सोडायला तयार ठेवलंय, म्हणून विचारतो. खाली पंचवीस फुटांवर, कपारीत गंजून बसलेला लोखंडाचा गोळा दिसतोय ना? तोच मी. पाणी ओढणारं रॉकेल इंजिन बोलतोय.

चौदा वर्षं झाली मला इथं. पाऊसपाणी बरं झालं की पाणी गळ्याशी येतं, उन्हाळ्यात पायाखाली जातं. बाकी काही हलत नाही. डोक्यावर ताटाएवढं आभाळ, आणि शेजारच्या खोबणीत घुमणारे पारवे.

माझं ओतकाम कुठं झालं ते आठवत नाही. आठवण सुरू होते ती धाराशिवच्या पेठेत, गुरुलिंगअप्पांच्या दुकानात. वर्षभर मी त्यांच्या दारात उभा होतो. अप्पांची शाळा चौथीतच सुटली होती, पण यंत्राच्या नुसत्या आवाजावरून ते त्याचं दुखणं सांगत. एकदा तेरचा एक गृहस्थ स्टोव्ह घेऊन आला. तीनदा खोलला होता, वायसर बदललं होतं, पिन मारून मारून बोटं दुखली होती. अप्पांनी स्टोव्ह कानाशी धरून हलवला आणि विचारलं, “पाव्हणं, ह्यात रॉकेल घालायचा रिवाज हाय का तुमच्याकडं?”

माझी बोलायची ढब त्या दुकानातली आहे, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

मग बेंबळीजवळच्या या वस्तीवरच्या नऊ जणांनी मिळून सहकारी पंप मंडळी काढली आणि मला इथं आणलं. सेक्रेटरी होते व्यंकटराव. मला चालवायचं काम आलं बलभीमकडं. सायकलीच्या पंपापलीकडं त्यानं कधी यंत्राला हात लावला नव्हता. अप्पांनी त्याला दुकानातच बसवून सांगितलं होतं, “आधी पेट्रोलवर चालू करायचं. अंग तापलं की मग रॉकेलचा कॉक. पयले पंधरा दिवस निम्म्या जोरावर चालव. नव्या बैलाला पयल्याच दिवशी नांगराला जुंपत्यात का? आन् ही तेल सोडायची सुई बघ. लई उघडली तर काळा धूर, लई आवळली तर अंगाची आग. बदलायची तर पाव आटाच, म्हंजी पाव फेराच बदल, आन् लिवून ठिव. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर कशानं काय झालं ते बरमदेवाला बी कळायचं न्हाय.”

पहिल्याच दिवशी बलभीमनं थंड अंगावर रॉकेल सोडलं. दोरी ओढून ओढून त्याच्या तळहाताला फोड आले, माझ्या पोटात रॉकेल साचलं. त्याची बायको चांगुणा बांधावर बसून म्हणाली, “एवढ्या येळात चार मोटा झाल्या असत्या.”

पण गडी चिवट. प्लग काढून उन्हात धरायचा. तोंड काळंकुट्ट असलं की सुई जरा आवळायची, पांढरट असलं की सोडायची. महिन्याभरात प्लग विटकरी रंगाचा निघाला आणि त्यानं या वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सुई दीड आटा. आवाज झकास.’ त्या दिवशी त्यानं मला आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसलं. असा जीव मला पुन्हा कुणी लावला नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरीचं पाणी खाली खाली गेलं. माझी सोंड पंधरा हातांपर्यंतच पाणी ओढते, पुढं नुसती हवा. नऊ घरांची जनावरं एका हौदावर होती. व्यंकटराव म्हणाले, “पानी वर येत न्हाय ना? मग इंजिनच खाली न्या.” मोटेच्या चाकावरून मला या कपारीत सोडलं.

इथं मी जेमतेम पाव तास नीट चालायचो. मग ठसका लागायचा, धूर काळा व्हायचा आणि बंद. बलभीमनं प्लग काढला तर काजळीनं भरलेला. त्यानं सुई पाव आटा आवळली. मला वर ओढून बघितलं तर वर मी चालत होतो, पण आता तापून फटफटत होतो. पुन्हा खाली नेलं, पुन्हा बंद. चार दिवस हेच चाललं. कुणी म्हणे रॉकेलात पाणी हाय, कुणी म्हणे अप्पानं खोटा माल गळ्यात मारला. बलभीम मात्र वहीत खरं तेच लिहीत होता. सव्वा आटा. एक. पाऊण.

सुई बिचारी निर्दोष होती हो! माझाच धूर खाली कोंडत होता आणि तोच मी पुन्हा नाकानं ओढत होतो. मला हवा हवी होती. पण यंत्राला सांगता येतं ते एवढंच, ठसक्यानं.

आधी उमजलं ते चांगुणेला.

“पारवे इहीर सोडून गेलेत,” ती म्हणाली.

“आवाजाला भ्याले असतील.”

“वर चालू व्हतं तवा न्हाय भ्याले? तवा तर घुमत बसले व्हते. आन् त्यो बगा, एक पान्यावर मरून पडलाय.”

बलभीमनं हसून उडवलं. पण मोटेचा जुना नाडा काखेखालून बांधल्याशिवाय तिनं त्याला उतरू दिलं नाही. “मी काय मोट हाय का गं?” तो म्हणाला. “मोटंला तरी अक्कल आसती,” ती म्हणाली, “भरली की वर येती.”

पाचव्या दिवशी तो माझ्या शेजारी कान लावून बसला. आटा नव्हे, केसाकेसानं सुई फिरवत होता. आणि काय सांगू, त्या कोंदट जागेत मला चालवील अशी नेमकी जागा त्याला त्या दिवशी सापडली. मी अडखळत का होईना चालत राहिलो. हौदात पाणी पडू लागलं. वरून आरोळी आली, “आलं, आलं!”

अन् त्याच वेळी त्याची बोटं सुईवरून सुटली. डोकं माझ्या टाकीवर टेकलं.

मला थांबायचं होतं. जितका चालत होतो तितका त्याचा जीव घेत होतो. पण चालू केलेल्या यंत्राला आपल्या मनानं थांबता येत नाही. अशी कैद मी नंतरच्या चौदा वर्षांतही भोगली नाही.

चांगुणा दर घडीला हाक मारायची आणि तो “ओ” द्यायचा, असं त्यांचं ठरलेलं होतं. हाक आली. ओ गेली नाही. दुसरी हाक तिनं मारलीच नाही. नाडा मोटेच्या चाकावर होता, टोकाला बैल जुंपलेले होते. उपासानं वाळलेले ते बैल तिनं धावेवरून, मोटेच्या त्या उतारावरून, असे पिटाळले की बलभीम भरल्या मोटेसारखा वर गेला. जाताना त्याचा पाय लागून माझी रॉकेलची नळी निसटली आणि मी एकदाचा बंद पडलो.

दुपारी तो शुद्धीवर आला. पुढचं सगळं काठावरच झालं, आणि विहिरीत शब्द नीट उतरतो.

“लिव्ह,” व्यंकटराव म्हणाले, “इंजिन नादुरुस्त.”

“पर सुई तर बरोबर लागली व्हती.”

“मानूस पडला म्हनून लिवलं तर चौकशी लागंल. फुडचं यंत्र मंजूर व्हनार न्हाय. आन् यंत्राला काय तोंड हाय व्हय, कज्जा करायला?”

वहीच्या कागदावर पेन्सिल करकरली. मग चांगुणा म्हणाली, “खोटं लिवलं तुमी.”

मला न्यायला खाली कुणी उतरलं नाही. आणि माझा राग व्यंकटरावांवर नाही, बरं का. ज्यानं मला सोग्यानं पुसलं, ते अक्षर त्याचं होतं, एवढंच सलतं.

आता यंदा पुन्हा पाणी खाली गेलंय. बिभीषणराव, मघाशी तुम्ही ‘इंजिन नादुरुस्त’ ही ओळ मोठ्यानं वाचलीत आणि म्हणालात, “म्हंजी मशीनच खराब व्हतं. आपलं नवं हाय, सोडा खाली.” त्यावर तुमच्या मागं कुणीतरी खाकरलं. तो खोकला मी ओळखतो. शेजारी बांगड्या वाजल्या, त्याही ओळखतो.

“नाडा आनलाय म्या,” चांगुणा म्हणाली. बस, इतकंच. तिनं नवऱ्याकडं पाहिलं असणार.

“बिभीषण,” बलभीमचा आवाज म्हातारा झालाय, “इंजिन ऱ्हाऊ दे गाडीत. वही हिकडं आन. त्या पानावर मला काय तरी लिवायचंय.”

द्या, वही द्या त्यांना. मला वर काढायची खटपट करू नका. माझं लोखंड आता या दगडाचं झालंय. नवं इंजिन काठाच्या खाली नेऊ नका. मोट जुंपा, नाहीतर हौद अर्धा भरा. पारवे बसलेत तोवर विहीर बरी समजा. आणि तुमची वही आजपासून सुरू होईल, तिचा हिशोब खरा ठेवा. तेल किती, सुई किती आटे, ते लिहाच. पण त्याच्याही आधी, सगळ्यात वरच्या ओळीत, एवढं लिहीत जा: खाली किती उतरले आणि वर किती आले.