उस्तादचा हिस्सा

सुग्राबीने बरणीच्या तोंडावरची वाळलेली कणीक नखाने खरवडून काढली, झाकण उचललं आणि आत हात घालून बापूजींच्या फटफटीचं रबर बाहेर काढलं. टाकीच्या दोन बाजूंना, बसणाऱ्याच्या गुडघ्यांना टेकण्यासाठी असतात, त्या दोनांपैकी ते एक. बापूजी दुरुस्तीला देऊन गेले तेव्हा ते पायरीच्या दगडासारखं कडक होतं. आता तिने ते वाकवलं तशी त्याची टोकं एकमेकांना टेकली, आणि सोडल्याबरोबर ते मुकाट आपल्या आकाराला आलं. तिने अंगठ्याचं नख दाबलं. खूण उमटली आणि तिच्या डोळ्यांदेखत भरून आली.

"झालं काय?" परसाच्या दारातून हबीब मिस्त्रीने विचारलं.

"झालं. आता सावलीत टांगते. वास उडाल्याबिगर गाडीले लावू नका."

"आज लोकाईले दाखवाले पाह्यजे ना."

"मंग दाखवा. दाखवाले कोन नाही म्हनते? लावू नका म्हनून राह्यली मी."

हबीब हसला. त्याने नवा कुडता घातला होता आणि दाढीला मेंदी लावली होती. सुग्राबीनेही सकाळीच पेटीतली हिरवी ओढणी काढली होती. ती कोणी पाहणार नव्हतं, कारण दुकान आणि घर यांच्यामध्ये तरटाचा पडदा होता आणि बैठक पडद्याच्या पलीकडे होती. तरी तिने ती काढली. दोन वेळा घातली, दोन वेळा उतरवली, आणि शेवटी घालूनच मलिद्यासाठी रोट्या कुस्करायला बसली.

हबीबचं दुकान घाटंजीच्या मोटार स्टँडसमोर होतं. लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेल्या विलायती फटफट्या इकडच्या कापूसवाल्यांनी मोठ्या हौसेने घेतल्या, त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली होती. इंजिनं लोखंडाची, ती मार खाऊनही चालत. रबराला मात्र इकडचे उन्हाळे मानवले नाहीत. मुठीचं रबर, पायदानाचं रबर, किकचं रबर, सगळं हाडासारखं होऊन तडकायला लागलं, आणि नवं मागवावं तर सरकारने परदेशी माल आणणंच आवळून टाकलेलं. असलं मेलेलं रबर जिवंत करून देणारा एकच माणूस, हबीब मिस्त्री, अशी ख्याती कळंबपासून पार उमरखेडपर्यंत पोचली होती. ख्यातीचं काय, ती दुकानाच्या पाटीपाशी येऊन थांबते. परसात डोकावून कोण बघतो?

परसात सुग्राबी होती. ती उमरखेडच्या एका अत्ताराची लेक, तेलांच्या बाटल्यांमध्येच लहानाची मोठी झालेली. दहा-बारा वर्षांमागे हबीबने असंच एक गुडघ्याचं रबर रागारागाने अंगणात भिरकावलं होतं. गिऱ्हाईक शिव्या देऊन गेलं होतं आणि रबर हातात घेताच फुटायला बघत होतं. सुग्राबीने ते उचललं. त्या वेळी ती सासूच्या, हुस्नाबीच्या, गुडघ्यांना गंधपुऱ्याचं तेल चोळून नुकतीच उठली होती. गुडघ्याचंच रबर आहे ना, मग गुडघ्याचंच तेल लावून बघू, असा तिचा हिशेब. शहाण्या माणसाला तो सुचलाच नसता. नुसत्या तेलाने रबर वरवर ओलावलं, तेव्हा सुताराकडचं पॉलिशचं स्पिरिट त्यात घालून तिने ते लोणच्याच्या बरणीत बुडवलं आणि तोंड कणकेने बंद केलं. पुढे किती रबरं वाया घालवली, किती वेळा हातांची सालं निघाली, ते तिचं तिला ठाऊक. पण ज्या दिवशी पहिलं रबर मऊ होऊन निघालं, त्या दिवशी हबीब ते हातात धरून लहान पोरासारखा अंगणभर नाचला होता.

"सुग्रा, तू माही उस्ताद!" तो म्हणाला होता. "ज्या दिवशी कोनाले हा हात देईन ना, त्या दिवशी चारचौघांत तुहं नाव घेईन. खुदा गवाह."

हात देणं म्हणजे हुन्नर देणं. मिस्त्री लोकांत त्याची रीत होती. उस्तादासमोर जोडे काढून बसलेल्या शिकणाऱ्याच्या मनगटाला गंडा बांधायचा, त्याच्या हाती अवजार द्यायचं आणि ज्याच्यापासून आपण घेतलं त्याचं नाव सगळ्यांसमोर उच्चारायचं. नाव न घेता दिलेला हात फळत नाही म्हणतात. बेउस्ताद ही तर मिस्त्र्यांतली सगळ्यांत जड शिवी.

सुग्राबीला मूल झालं नाही. हबीबने दुसरी केली नाही, त्याबद्दल तिने त्याला कधी कमी लेखलं नाही. पण दोघांची नावं एका श्वासात कुठे घेतली जातील, अशी जागा जगात उरली नव्हती. उरली होती ती ही एकच. म्हणून दिग्रसकडच्या तांड्यावरचा डोंगरसिंग, स्वतःचं दुकान टाकायच्या बेतात असलेला चांगला मिशीवाला गडी, "मले हा हात द्या" म्हणून हबीबच्या मागे लागला, तेव्हा तिने नवऱ्याला एका शब्दाने अडवलं नाही. उलट, शुक्रवारची नमाज झाल्यावर बैठक ठेवू असं ठरलं, तेव्हा मलिद्याला तूप जरा जास्तच घ्यायचं, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं.

दुपारी दुकानात सतरंजी पडली. मोटार स्टँडवरचे मिस्त्री आले, दोन ड्रायव्हर आले. बापूजी मोठे शेतकरी, त्यांना खुर्ची दिली. सुग्राबी पडद्याला लागून आत बसली. तरटाला एका जागी भोक होतं. त्यातून हबीबची पाठ आणि डोंगरसिंगचा वाकलेला फेटा तेवढा दिसत होता.

गंडा बांधला गेला. हबीबने बापूजींचं रबर सगळ्यांना दाखवलं, वाकवलं, सोडलं. लोक वाहवा करायला लागले. बापूजींनी ते आपल्या गुडघ्याला लावून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"वास तं म्हाताऱ्या मानसाचा येऊन राह्यला."

सगळे हसले. सुग्राबीही आत हसली. आता विचारतील, तिला वाटलं, आणि तिचे हात आपोआप ओढणी सारखी करायला लागले.

"मिस्त्री, आता उस्तादचं नाव घ्या," कोणीतरी म्हणालं. "कोनापासून घेतला हा हात?"

हबीब खाकरला. त्याने मान किंचित पडद्याकडे वळवली. अगदी किंचित, पण सुग्राबीला ती दिसली.

"नागपूरचे मरहूम मोहिउद्दीन उस्ताद," हबीब म्हणाला.

मोहिउद्दीन! नागपूरच्या त्या कारखान्यात हबीब लग्नाआधी एक पावसाळा पाने-पकडी धुवायला होता. कडक झालेलं रबर कचऱ्यात टाकायचं असतं, एवढंच त्या मोहिउद्दीनने त्याला शिकवलं होतं, आणि टाकलं नाही म्हणून एकदा कानशिलात लगावलीही होती. हे हबीबनेच तिला सांगितलं होतं, खाटेवर पडून, हसत हसत.

"अल्ला त्याईले जन्नत नसीब करो," हबीबचा आवाज आता रंगात आला होता. "त्याईच्या मायचे गुडघे दुखत. उस्ताद सोता गंधपुऱ्याचं तेल चोळून देत. एक दिवस तेल चोळून उठले, तं समोर रबर पडलेलं. म्हनाले, गुडघ्याचंच रबर होय, गुडघ्याचंच तेल लावून पाहू. मंग लोनच्याच्या बरनीत बुडवलं अन् तोंड कनकेनं बंद केलं."

"काय डोकं म्हनावं!" बापूजी म्हणाले. "आता अशी मानसं राह्यली नाही."

सुग्राबी भोकाला डोळा लावून तशीच बसली होती. त्याने नुसतं नाव बदललं असतं तर तिने एकवेळ गिळलं असतं. त्याने हुस्नाबीचे गुडघे उचलून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवले. लोणच्याची बरणी नेली, कणीक नेली, तिच्या मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, एक शब्द न सांडता, एका मेलेल्या माणसाच्या तोंडी घातलं. आणि सांगितलं इतकं सुरेख की क्षणभर तिलासुद्धा अंगणात बसलेला पांढऱ्या दाढीचा मोहिउद्दीन दिसला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. असला माणूस हात थरथरू देत नाही, म्हणून मान कापली गेल्याचं उशिरा कळतं.

मलिदा वाटायला हबीब आत आला. त्याने तिच्याकडे न बघताच मोठं ताट उचललं.

"चांगलं झालं सारं," तो पुटपुटला.

"मोहिउद्दीनच्या मायचे गुडघे कधीपासून दुखून राह्यले?"

"हळू बोल." त्याने पडद्याकडे पाहिलं. "तुले समजत नाही, सुग्रा. बायकोचं नाव कसं घ्यू? उद्या स्टँडवर पोट्टे हसतीन मले. बायकोचा चेला म्हनतीन. डोंगरसिंग तं गंडा तोडून उठून गेला असता."

"त्याले विचारलं होतं काय तुमीनं?"

"असं कोनी विचारत असते काय?" मग त्याने आवाज मऊ केला. "तुले मालूम, मले मालूम. आनखीन कोनाले कायले मालूम पाह्यजे?"

सुग्राबी पातेल्याकडे वळली. हबीबला ते बरं वाटलं असावं. दाराशी जाऊन तो परत वळला.

"उस्तादचा हिस्सा अलग काढून ठेव. उस्ताद मरहूम असला का तो दर्ग्यावरच्या फकीराले देतेत. डोंगरसिंग नेऊन देते."

तो गेला. पलीकडे मलिदा वाटल्याचा, बोटं चाटल्याचा, तूप चांगलं असल्याचा आवाज येत होता. सुग्राबीने पितळी ताटली घेतली, पातेल्यातला मलिदा काढला, वर तूप सोडलं, खोबरं पसरलं. उस्तादचा हिस्सा म्हणजे कमी करून चालत नाही. ताटली भरून झाल्यावर ती तिच्याकडे बघत बसली. तिला रडू येईल असं वाटत होतं. आलं नाही. डोळे कोरडेच राहिले. इतकी वर्षं आपण एका माणसाजवळ झोपलो, आणि तो आपल्यालाच लाजत होता, हे आज, पन्नाशीला टेकल्यावर कळलं.

मग तिने ताटली पुढे ओढली आणि खायला सुरुवात केली.

बोटांना गंधपुऱ्याचा वास होता, तो मलिद्यात उतरला होता आणि मलिदा कडसर लागत होता. ती घाई न करता, एकेक घास चावून खात राहिली.

"उस्ताद, हिस्सा द्या," पडद्यापलीकडून डोंगरसिंगचा आवाज आला. "फकीरबाबा जाईन नाहीतं."

"आनतो," म्हणत हबीब आत आला आणि जागच्या जागी थांबला. ताटली अर्धी झाली होती.

"सुग्रा, काय येडेपना हा? उस्तादचा हिस्सा होय तो."

"मालूम हाय मले."

तिने मान वर केली नाही, घासही थांबवला नाही. मग मात्र तिने एकदा वर पाहिलं. हबीबच्या तोंडावर लाज होती. खरीखुरी, कानापर्यंत गेलेली लाज. ती बघितल्यावर सुग्राबीचा हात ताटलीत थबकला. आत्ता जरी त्याने एक शब्द काढला असता, पडदा तसाच असू देऊन नुसता तिच्याजवळ खाली बसला असता, तरी बायकांची जात, तिने सगळं पोटात घातलं असतं.

हबीब वळला. पडद्याकडे तोंड करून, आवाजात हसू आणून म्हणाला,

"थांब रे डोंगरसिंग. मांजरीनं तोंड घातलं ताटात. दुसरा भरून देतो."

पलीकडे दोघे-तिघे हसले. बापूजींनी मांजरांवरून काहीतरी गंमत केली.

सुग्राबीने हातातला घास तोंडात घातला. चावला, गिळला. या घरात आल्यापासून पडद्यापलीकडे परके पुरुष बसले असताना तिचा आवाज कधी दुकानात गेला नव्हता. तो कसा निघेल, याचा तिला स्वतःलाही अंदाज नव्हता. निघाला तो अगदी साधा, पाणी मागावं तसा.

"मांजर नोहे, डोंगरसिंगभाऊ. हिस्सा ज्याचा होता त्याले पोचला. फकीरबाबाले सांगा, थांबू नका म्हना."

पलीकडचं हसणं बंद झालं. खुर्ची करकरली. हबीब पडदा मुठीत धरून उभा होता, जणू सोडला तर तो खाली पडेल.

पडद्याच्या खालून डोंगरसिंगचे जोडे दिसत होते. दर्ग्यावर जायचं म्हणून त्याने ते घातले होते. जोडे वळतील आणि दुकानाबाहेर जातील म्हणून हबीब त्यांच्याकडे बघत राहिला. ते वळले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यातला एक पाय बाहेर निघाला, मग दुसरा, आणि दोन्ही पाय पडद्याला लागून अनवाणी उभे राहिले.

सुग्राबीने ते पाहिलं. मग तिने उरलेला मलिदा बोटांनी गोळा केला.